पदार्थाचं नाव, माणसाचं नाव

सकाळच्या वर्तमानपत्रात ‘अंमली पदार्थ’ हे दोन शब्द दिसले नाहीत, असा दिवस आता विरळाच. कुठे बंदरात कंटेनर पकडलेला असतो, कुठे महामार्गावर गाडी अडवलेली असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून मेफेड्रॉनचा प्रचंड साठा पकडला, तेव्हा कितीतरी दिवस ही बातमी गाजत होती. मंचरहून भीमाशंकरकडे जाताना डिंभे धरण मागे पडतं आणि पुढे डोंगरात तळेघर लागतं. तिथे वर्तमानपत्र उघडणाऱ्याला ती बातमी कुणा दुसऱ्याची वाटते. कुरकुंभही पुणे जिल्ह्यातलंच, तरी दूरचं वाटतं. ‘अंमली पदार्थ’ म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरी पूड येते, मोठं शहर येतं, रात्रीच्या पार्ट्या येतात. आपली ओसरी आणि आपल्या कोनाड्यातली मिश्रीची डबी काही येत नाही.

घरात जे असतं त्याची नावं वेगळी आहेत. दारू असते, गावठी असते, तंबाखूची पुडी असते. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली मिश्री असते. पहाटे ती दातांना लावल्याशिवाय कित्येक आयाबायांचा दिवस सुरू होत नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिच्यातलं निकोटीन मेंदूला आपली सवय लावतं. गरोदर बाईनं तंबाखू कुठल्याही रूपात घेतली, तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याची रिकामी पाकिटं रस्त्याच्या कडेला दिसायची थांबलेली नाहीत. यातल्या एकाही वस्तूला घरातलं कुणी ‘अंमली पदार्थ’ म्हणत नाही. म्हणून २६ जूनला, पावसाच्या दिवसांत, शाळाशाळांतून अंमली पदार्थविरोधी दिन पाळला जातो, मुलं हात पुढे करून शपथ घेतात आणि संध्याकाळी घरी येतात. शपथेतला शब्द आणि घरातली वस्तू यांची गाठच पडत नाही.

खरं तर हा शब्द मुळात इतका परका नाही. अंमल म्हणजे सत्ता. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, असं आपण इतिहासात वाचलेलं असतं. कायद्याची ‘अंमलबजावणी’ही त्याच घरातली. ज्या पदार्थाची माणसावर सत्ता चालू लागते तो अंमली. हा शब्द घडवणाऱ्यांनी पदार्थाची किंमत पाहिली नाही, तो कुठल्या देशातून आला हे पाहिलं नाही. कोण कुणावर राज्य करतं एवढंच पाहिलं. ही कसोटी लावली तर हातभट्टीची दारू तिच्यात बसते, तंबाखूची पुडी बसते, तशी मेफेड्रॉनची पूडही बसते. कायद्यानं यांचे वेगवेगळे कप्पे केले. अफू, गांजा, हेरॉइन यांच्यासाठी १९८५ चा कायदा, दारूसाठी १९४९ चा दारूबंदी कायदा, तंबाखूसाठी २००३ चा कायदा. कारभाराला असे कप्पे लागतात. शरीराला ते ठाऊक नसतात आणि घरातल्या बाईलाही त्यांचा काही उपयोग नसतो. तिच्या लेखी प्रश्न एकच असतो: घरात शब्द कुणाचा चालतो, माणसाचा की त्या बाटलीचा?

आपल्या भाषेनं या वस्तूंचं दुहेरी रूप फार पूर्वीपासून ओळखलेलं आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. ‘लेकराची दवादारू केली’ असं म्हातारी माणसं अजून म्हणतात, तेव्हा त्या दारूत बरं करण्याचाच अर्थ असतो. सुरुंगात ठासतात तीही दारूच. बरं करणारी, उडवून देणारी आणि गुंगवणारी, अशा तिघींना एकच नाव. व्यसन या शब्दाचंही तसंच. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट, आपत्ती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे आणि त्यात राज्यावर कोसळणाऱ्या आपत्तींचा विचार आहे. राजाची जुगार, मद्य यांसारखी खोडही तिथे राज्याचं संकट म्हणूनच येते. आज आपण स्वतःची ओळख करून देताना हौसेनं लिहितो, ‘मला वाचनाचं व्यसन आहे.’ मैफलीच्या वृत्तान्तात ‘सुरांची नशा’ असते, विजयाच्या बातमीत ‘यशाचा कैफ’ असतो, ट्रेकच्या वर्णनात ‘डोंगरांची झिंग’ असते.

असं लिहिणं चूक आहे, असं म्हणायचं नाही. आनंदाचा भर दाखवायला भाषा कुठूनही शब्द उचलते आणि तो तिचा हक्कच आहे. पण एवढं ध्यानात यावं, की नशा, कैफ, धुंदी, झिंग हे सगळे शब्द आपण गोड करून ठेवले आहेत. नशेसाठी आपल्याजवळ कवितेची भाषा आहे, आणि नशेत सापडलेल्या माणसासाठी? बेवडा, दारुडा, चरसी, गर्दुल्ला. पदार्थाला आपण फुलं वाहिली आणि माणसाच्या वाट्याला शिव्या ठेवल्या.

रोजच्या लिहिण्यात हे कसं होतं, याचं एक ठळक उदाहरण दर ३१ डिसेंबरच्या आसपास सापडतं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात आणि मथळा येतो, ‘तळीरामांची धरपकड’. हा तळीराम राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला. हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. सुधाकर नावाचा बुद्धिमान, मानी वकील एका अपमानानंतर पहिला प्याला घेतो आणि त्या प्याल्यामागून त्याचं सारं घर बुडतं. त्याची बायको सिंधू कष्ट करून ते घर सावरू पाहते आणि त्यातच संपते. एवढ्या मोठ्या शोकांतिकेतून शंभर वर्षांत आपल्या रोजच्या भाषेत काय उरलं? तळीराम. हसवणारं पात्र तेवढं उरलं. सिंधूच्या नावाचा शब्द कुठल्याच मथळ्यात नाही. पिणाऱ्याची मजा आपण उचलली आणि घर चालवणारीचे हाल नाटकातच ठेवून आलो.

त्यातही माणूस कोण आहे यावर शब्द ठरतो. दुकानासमोर रांग लावून महागडी बाटली घेणारे ‘मद्यप्रेमी’ असतात. त्यांच्यासाठी ‘खुशखबर’ असते. फाट्यावर हातभट्टी पिऊन पडलेला ‘दारुडा’ असतो. शहरातल्या चकचकीत ठिकाणी पिणं ही ‘संस्कृती’ होते. आदिवासी पाड्यावर तेच पिणं अख्ख्या समाजाचा दोष म्हणून लिहिलं जातं. तळेघरच्या पंचक्रोशीतले महादेव कोळी डोंगरउतारावर भातशेती करतात, चैत्र-वैशाखात हिरड्याच्या झाडांवर चढून बाळहिरडा उतरवतात, वाळवतात, विकतात. त्यांच्या कष्टांवर एक ओळ न लिहिणारे लोक ‘आदिवासी आणि दारू’ हे दोन शब्द मात्र सहज शेजारी ठेवतात. याच आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात जन्मलेल्या, शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेल्या मुलामुलींना हे शेजारपण किती बोचत असेल, याचा विचार लिहिणाऱ्यानं करायला हवा. दारूनं घरं मोडली आहेत हे खरंच आहे, आणि ती तिन्ही लोकांत मोडली आहेत: महालात, माडीत आणि झोपडीत.

या बाबतीत वाट दाखवणारा माणूस याच मुलखातला. अनिल अवचट जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. शिक्षणानं डॉक्टर, वृत्तीनं लेखक. १९८०च्या दशकात ब्राउन शुगर मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमध्ये शिरली, तेव्हा अवचट त्या वस्त्यांमध्ये गेले. त्या भुकटीला रस्त्यावर नाव पडलं होतं, ‘गर्द’. गर्द म्हणजे धूळ. भीमाशंकरच्या बाजूला गर्द म्हटलं की माणसाला गर्द झाडी आठवते. शहरातल्या कोवळ्या पोरांना त्या शब्दातून मरणाची पुडी मिळत होती. अवचटांनी तोच रस्त्यावरचा शब्द घेतला आणि ‘गर्द’ ही लेखमाला लिहिली. कागदी शब्दाआड ते लपले नाहीत. वस्तू काय आहे, ती कशी ओढतात, ती मिळाली नाही की अंग कसं मोडून येतं, घरातली भांडी कशी विकली जातात, हे त्यांनी साध्या मराठीत सांगितलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ. एका लेखमालेतून दवाखाना उभा राहिला, इतकं सामर्थ्य नेमक्या शब्दांत असतं.

मुक्तांगणच्या आत वापरायचे शब्दही विचार करून घेतलेले आहेत. दाखल झालेल्या माणसाला तिथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात. व्यसनी माणसांच्या बायकांचा जो गट आहे त्याचं नाव ‘सहचरी’. पुढे व्यसनात सापडलेल्या स्त्रियांसाठी विभाग निघाला, त्याचं नाव ‘निशिगंध’. ही नावं कानाला बरी वाटतात म्हणून ठेवलेली नाहीत. दारातून आत येणारा माणूस वर्षानुवर्षं बेवडा, चरसी, गर्दुल्ला या हाकांना ओ देत आलेला असतो. त्याला आधी माणसाची हाक ऐकू आली, तर पुढचा उपचार पोचतो. रुग्ण म्हटलं की आजार मान्य झाला, मित्र म्हटलं की माणूस जवळ आला.

बाहेर मात्र तेव्हाचा दुसरा शब्द टिकून राहिला. ‘गर्दुल्ला’ अजून छापला जातो आणि त्याच्यापुढे बहुतेक वेळा ‘सुळसुळाट’ येतो. ‘पुलाखाली गर्दुल्ल्यांचा सुळसुळाट.’ सुळसुळाट आपण उंदरांचा म्हणतो, डासांचा म्हणतो. हा मथळा रचणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, घाई असते. तयार साचा हाताशी असतो. पण त्या पुलाखाली कुणाचा तरी मुलगा असतो आणि त्याची आई तीच ओळ सकाळी वाचते. त्या आईला आता मुलाला घरी आणणं आणखी अवघड होतं, कारण शेजाऱ्यांनीही तीच ओळ वाचलेली असते. लाजेपायी माणसं आजार लपवतात आणि लपवलेला आजार वाढतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. क्षयरोग्याच्या नावानं कुणी ‘सुळसुळाट’ लिहिणार नाही, मग इथे का लिहावं?

म्हणून या सकाळी एक साधा नियम मनाशी धरावासा वाटतो. पदार्थाला त्याच्या नावानं हाक मारावी. माणसाला पदार्थाच्या नावानं हाक मारू नये. दारू असेल तर दारू लिहावं; ‘ओली पार्टी’, ‘श्रमपरिहार’, ‘थोडी घेतो’, ‘आज बसू या’ ही पांघरुणं काढावीत. तंबाखू असेल तर तंबाखू लिहावं. आणि माणसाचा उल्लेख करताना त्याचं जे नाव, जे नातं आहे ते लिहावं. अमक्याचा भाऊ, तमकीचा नवरा, गवंडी, चालक, शेतकरी, ‘ज्याला दारूचं व्यसन लागलं आहे.’ वाक्य थोडं लांबतं, पण त्या लांबलेल्या वाक्यात माणूस आधी येतो आणि व्यसन नंतर येतं. नंतर आलेलं जाऊही शकतं.

यावर कुणी म्हणेल, की दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या बैठकीत तर माणूस उभा राहून स्वतःच म्हणतो, ‘मी मद्यपी आहे.’ खरं आहे. पण तिथे तो आधी आपलं नाव सांगतो. समोर बसलेले सगळे त्याच वाटेनं आलेले असतात. ‘मी’ म्हणून उच्चारलेल्या त्या शब्दात कबुली असते, सुटकेची पहिली पायरी असते. तोच शब्द दुसऱ्यानं त्याच्यावर फेकला की त्याचा दगड होतो. स्वतःबद्दल कठोर शब्द वापरण्याचा हक्क ज्याचा त्याला. दुसऱ्याबद्दल वापरताना आपला हात थांबायला हवा.

हा हात थांबवण्याचं शिक्षण शाळेच्या निबंधापासून सुरू व्हावं. ‘व्यसन: एक सामाजिक समस्या’ या विषयावर मुलं लिहितात, ‘व्यसनी माणूस हा समाजाला लागलेला कलंक आहे.’ ही ओळ कुठल्याशा मार्गदर्शकातून पाठ केलेली असते. वर्गात एखादी मुलगी अशी असू शकते, जिचे वडील काल रात्री पिऊन आले होते. ते एरवी तिला खांद्यावर घेऊन ओढा पार करून देणारेही असतात. ती ही ओळ शुद्ध अक्षरात लिहिते, तेव्हा तिला गुण मिळतात आणि आतून काहीतरी तुटतं. गुरुजींनी, बाईंनी एवढंच सांगावं, की बाळांनो, दारूवर हवं तेवढं कडक लिहा, आजारी माणसाला मदत कशी करायची तेही लिहा. कुणाच्या बाबांना कलंक म्हणू नका. मुलांना हे चटकन कळतं. आणि त्यांच्या वहीत एक आकडा लिहून द्यावा: १४४४६. व्यसनमुक्तीसाठीची ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. निबंधातल्या पाच ओळींपेक्षा हे पाच अंक एखाद्या घराच्या जास्त कामी येतील.

लिहिण्याला एक दुसरी, करारी बाजूही आहे आणि तळेघरच्या परिसरात ती विशेष मोलाची आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पश्चिमेकडचा आदिवासी पट्टा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांसाठी १९९६ मध्ये संसदेनं पेसा कायदा केला आणि महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४ मध्ये लागू केले. मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, त्यांच्या विक्रीवर आणि सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार या कायद्यानं ग्रामसभा आणि पंचायतींच्या हाती दिला. म्हणजे ‘मादक पदार्थ’ हे शब्द इथल्या ग्रामसभेच्या ठरावात लिहिले गेले, की त्यांच्यामागे कायदा उभा राहतो. इतर गावांतल्या बायकांनाही एक वाट आहे. परवान्याचं दारूदुकान बंद करायचं तर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात. निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकानाला टाळं लागतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी अशी बाटली आडवी केली आहे.

ही परंपरा जुनी आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकानं वाढू लागली, तेव्हा १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून त्या दुकानांना विरोध केला. त्यांनी पिणाऱ्याला दोष देऊन हात झटकले नाहीत. परवाना देणाऱ्याला जाब विचारला. आपल्या ठरावांनीही हेच शिकावं. ठरावात ‘गावातील व्यसनी लोकांचा बंदोबस्त करावा’ असं लिहिलं, तर आजारी माणसाच्या दारात पोलीस उभा राहतो. ‘अमुक ठिकाणी होणारी गावठी दारूची विक्री बंद करावी, शाळेच्या आसपासची तंबाखू आणि गुटख्याची विक्री थांबवावी, आणि ज्यांना सोडायचं आहे त्यांच्या उपचारासाठी आरोग्य विभागानं सोय करावी’ असं लिहिलं, तर विक्रेत्यावर बोट जातं आणि माणसासाठी दार उघडतं. दोन्ही ठराव रागातूनच जन्मतात. पहिल्यातला राग माणसावर निघतो आणि विरतो. दुसऱ्यातला कामाला लागतो.

अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. त्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य पुढे कितीतरी दिवस राज्यभर गाजलं. द्राक्षं पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या चार पैशांचा प्रश्न खरा आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या द्राक्षमळ्यांना तो चांगला ठाऊक आहे. त्याची चर्चा मोकळेपणानं व्हावी. पण चर्चेची सुरुवात नाव बदलण्यानं होऊ नये. वाइनमध्ये मद्यार्क असतो. तेवढं आधी मान्य करावं, मग शेतकऱ्याच्या हिताचं बोलावं. नाव पुसून घेतलेला निर्णय शेवटी घराघरांना सोसावा लागतो आणि तिथे कुठलंही नाव कामी येत नाही.

व्यसनातून बाहेर पडू पाहणारी माणसं रोज सकाळी स्वतःशी एक वाक्य म्हणतात: फक्त आजचा दिवस. आयुष्यभराची शपथ जड होते, आजच्या दिवसाची पेलते. लिहिणाऱ्यांनीही, म्हणजे बातमी लिहिणाऱ्या, ठराव लिहिणाऱ्या, फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या आणि गावाच्या ग्रुपवर निरोप टाकणाऱ्या आपण सगळ्यांनी, आज एवढंच ठरवावं. आजच्या दिवसात कुणाला बेवडा लिहायचं नाही, गर्दुल्ला लिहायचं नाही, तळीराम म्हणून हसायचं नाही. ज्या वस्तूनं त्याला धरलं आहे तिचं नाव स्पष्ट लिहायचं, ती विकणाऱ्याला जाब विचारायचा आणि त्या माणसाला त्याच्या आईनं ठेवलेल्या नावानं हाक मारायची. उद्याचं उद्या पुन्हा ठरवू.